तेवढाच डाग

“जुने फोटो असतील ना घरी?” वझे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि आम्ही नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो.

फोटो म्हणजे छातीचे. एक्सरे. आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात. कोल्हापुरातला दवाखाना, गारेगार खोली, आणि समोरच्या पडद्यावर आमच्या ह्यांची छाती. काकडीच्या कराव्यात तशा यंत्राने तिच्या चकत्या पाडल्या होत्या. त्यातल्या एका चकतीत, उजव्या अंगाला वर, पांढरा डाग होता. खोकला जाईना म्हणून आम्ही आलो होतो आणि हे निघालं होतं.

“काका, तुम्ही फौंड्रीत होतात. तिथे दर वर्षी छातीची तपासणी होत असेल.”

“व्हायची की. गाडी यायची, फोटो काढायची. दर साली नॉर्मल!” हे म्हणाले. नॉर्मल हा शब्द ते असा म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी कुस्ती मारून आलाय.

“मग ते फोटो शोधून आणा. नुसत्या आजच्या तपासणीवरून मला अर्धंच कळतं. जुनं शेजारी ठेवलं की धोका किती ते कळतं. मावशी, नीट ऐका. जुन्या फोटोत तेवढाच डाग असेल, तर घाबरायचं फारसं कारण नाही. वाळूची धूळ असते, जुनी जखम असते, ती तशीच राहते. पण तसं नसेल, तर सुई घालून गाठीचा तुकडा काढावा लागेल.”

सुईचं नाव निघालं आणि ह्यांचा चेहरा उतरला. गाठीला सुई लागली की गाठ खवळते, अशी आमच्या भागात समजूत आहे. ह्यांचे चुलते गाठीनेच गेले, पण बोल लागला तो सुईला.

“हाईत फोटो. आणतो,” हे घाईघाईने म्हणाले.

जिना उतरताना मी त्यांना धरलं. “कुठं हाईत वो? गल्लीभर वाटलासा न्हवं का, कर्णाच्या अवतारागत?”

ते कठडा धरून एक एक पायरी उतरत राहिले.

तर ते वाटप असं झालं होतं. आमचे हे, म्हणजे कृष्णात चौगुले, फौंड्रीत साचे घालायचे. काळी वाळू, भट्टी, धूर. घरी यायचे ते दात तेवढे पांढरे घेऊन. बिडी कधी ओढली नाही, पण धूर काही चुकला नाही. कारखाना दर साली छातीचा फोटो काढायचा. गाडीतला डॉक्टर चिठ्ठीवर नॉर्मल लिहायचा आणि फोटो ज्याचा त्याला देऊन टाकायचा. हे ते सगळे गादीखाली ठेवायचे. आमच्या लग्नात फोटोवाला आलाच नाही, त्याची मोटारसायकल बंद पडली. त्यामुळे मी ह्यांना चिडवायची, “लग्नाचा एक फोटो न्हाई आन् बरगड्यांचे दर साली. एकात तरी हसायचं की!”

“हसलोय गं. मुंडकं तेवढं न्हाई आलं फोटोत.”

असा माणूस. हौशी. जत्रेत पाळणा आला की पोरांआधी हा बसणार. तर एकदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीलाच सूर्यग्रहण आलं. समोरच्या हौसाक्का म्हणाल्या, दारं लावा, पाण्यात तुळस टाका, बाहेर पडू नका. ह्यांनी काय केलं, गादीखालचे सगळे फोटो काढले आणि दस्तगीर टेलरच्या दुकानात नेले. दस्तगीर ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या मोठ्या कात्रीने दोघांनी एकेका फोटोचे तुकडे पाडले आणि घरोघर वाटले. काळ्या फोटोतून सूर्याकडे बघितलं की डोळे दिपत नाहीत, असं ह्यांचं म्हणणं. शाळेतल्या गुरुजींनी सांगून बघितलं की तेही डोळ्यांना बरं नाही, पण ऐकतो कोण! भरदुपारी सगळी गल्ली रस्त्यावर. प्रत्येकाच्या डोळ्यापुढे ह्यांच्या बरगडीचा एकेक तुकडा. दारं लावा म्हणणाऱ्या हौसाक्काही शेवटी उंबऱ्यात आल्या आणि म्हणाल्या, “आगं बया, भाकरीचा कुणी लचका तोडल्यागत दिसतोय की सूर्य!” मीपण बघितला. त्या दिवशी आमच्या ह्यांच्याइतका खूश माणूस तालुक्यात नसेल.

त्यानंतर कारखान्याने माणसं ठेकेदाराकडे दिली. ती गाडी यायची बंद झाली. होते नव्हते ते फोटो सूर्य बघण्यात गेले, आणि नंतर एकही निघाला नाही. मध्ये नऊ-दहा वर्षं गेली.

आता ते तुकडे गोळा करायला मी निघाले. ह्यांना म्हटलं, तुम्ही बसा, तुम्हाला चाललं की धाप लागते.

हौसाक्का म्हणाल्या, “सूर्य बघायचा तुकडा? आता गं कशाला? गिराण हाय व्हय?” 

मी काय सांगणार! म्हटलं, “दवाखान्यात मागितलाय.”

त्यांचा तुकडा कोंबड्यांच्या खुराड्याच्या भोकाला लावलेला निघाला. उन्हापावसाने चित्र उडून नुसतं पिवळं कातडं राहिलं होतं. एका घरात त्याचा रांगोळीचा छाप केला होता. फोटो सोड्याने धुऊन स्वच्छ केला आणि त्यातून गोपद्म कातरलं. दाखवताना त्या बाईला कौतुक वाटत होतं, म्हणून मीही छान आहे म्हटलं. बाकीच्यांनी कधीच फेकून दिले होते. कोण दहा वर्षं ठेवतं दुसऱ्याची बरगडी! मला राग कुणाचा येत होता तेच कळत नव्हतं. गल्लीचा, फौंड्रीचा, का वाटून मोकळ्या झालेल्या माझ्याच नवऱ्याचा.

सगळ्यात शेवटी दस्तगीरभाऊजींकडे गेले. आधी जायला हवं होतं, पण त्यांना सांगायचं म्हणजे सगळं सांगावं लागणार होतं, म्हणून पाय वळत नव्हते.

त्यांनी ऐकून घेतलं. मशीन थांबवलं. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या कागदी मापांच्या जुडग्यातून त्यांनी एक काळा तुकडा ओढून काढला. शर्टाच्या कॉलरीचा आकार, कडेने खडूच्या पांढऱ्या रेघा.

“वैनी, ह्यो एक हाय बगा. कागदाचा फर्मा फाटतोय, ह्यो फाटत न्हाई. म्हणून ठिवला.” ते तुकड्यावरची धूळ झटकत म्हणाले, “दहा वर्सं झाली, सगळ्या गावाची कॉलर किस्नाच्या छातीवर बेतलीया मी.”

मी तो उजेडाकडे धरला. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत ह्यांचं नाव होतं, के. ए. चौगुले, आणि खाली साल. ग्रहणाच्या आदल्या वर्षाचं. दस्तगीरभाऊजींनी वाचून दाखवलं. बरगड्या होत्या, खांद्याचं हाड होतं, आणि दोन बरगड्यांच्या मधोमध एक पांढरा ठिपका.

मला आधी वाटलं, खडूचा आहे. पदराने पुसला. गेला नाही. थुंकी लावून पुसला. बाकीच्या खडूच्या रेघा गेल्या, ठिपका राहिला.

“हाय!” मी ओरडलेच. “भाऊजी, डाग हाय! आन् एकच हाय! तेवढाच हाय!”

एखाद्या बाईला डाग निघत नाही म्हणून एवढा आनंद कधी झाला नसेल. दस्तगीरभाऊजींनी तो तुकडा दोन्ही बाजूंनी उलटापालटा करून बघितला. दुसरा ठिपका कुठेच नव्हता. तेवढाच होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसाच. भाऊजी डोळे पुसत हसायला लागले आणि म्हणाले, “वैनी, किस्नाला सांगा, डाग जपून ठिवलाय म्हणावं मी त्येचा.”

घरी आले तेव्हा हे दारात बसून होते. माझा चेहरा बघून उठून उभे राहिले. मी तुकडा दाखवला. त्यांनी तो उन्हात धरला, एक डोळा मिटून बघितला, अगदी ग्रहणाच्या दिवशी सूर्य बघितला होता तसा. मग मटणाला पिशवी मागितली.

त्या दिवशी मी तांबडा रस्सा केला. किती दिवसांनी ते पोटभर जेवले. वाटी तोंडाला लावून रस्सा प्यायले, वर म्हणाले, “मीठ जरा कमी हाय.” म्हणजे जिवावरचं टळलं हे नक्की झालं. कारण आजारपणात त्यांनी जेवणाला नावं ठेवली नव्हती, आणि तीच मला सगळ्यात मोठी धास्ती होती. मी ज्योतिबाला गुलालाचा नवस बोलले. मुलगी निपाणीला दिलेली, तिला फोन केला. ती तिकडे रडली, मी इकडे हसले. दस्तगीरभाऊजींनी ह्यांच्यासाठी आपणहून पांढरा सदरा शिवून आणला. “ह्येची कॉलर तुज्याच फर्म्यावर कापली आन् मग फर्मा वैनींना दिला,” म्हणाले. हे तो सदरा घालून गल्लीत एक फेरी मारून आले. खोकत होते, पण कॉलर ताठ करून खोकत होते. कुणी विचारलं की सांगायचे, “जुनाच डाग हाय. तेवढाच हाय.” चार दिवस हे असं चाललं. आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, पण ते चार दिवस मला नव्या लग्नासारखे गेले, हे मी लाज सोडून सांगते.

पाचव्या दिवशी दवाखान्यात गेलो. हे नव्या सदऱ्यात. मी तुकडा पदराखालून काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. कॉलरीचा आकार बघून त्यांना हसू आलं. मग त्यांनी तो भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीला लावला, आणि हसू गेलं. टेबलावरची पट्टी घेऊन त्यांनी ठिपका मोजला. पडद्यावर ती चकती काढून काही आकडे बघितले. पुन्हा पट्टी लावली.

“तेवढाच हाय न्हवं?” मी विचारलं.

“नाही हो, मावशी.”

“न्हाई कसा? एकच तर हाय! दुसरा कुठं हाय दाखवा की!”

त्यांना आधी माझं म्हणणं कळेना. मग कळलं. खुर्ची ओढून त्या माझ्यासमोर बसल्या, आणि हळू बोलायला लागल्या.

“मावशी, तेवढाच म्हणजे तेवढ्याच आकाराचा, असं मी म्हटलं होतं. न वाढलेला. इथे बघा, जागा तीच आहे. तेव्हा हा हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता. आता लिंबाएवढा आहे.”

मी सातवी पास आहे. मराठी मला समजतं, अशी माझी समजूत होती. त्या बाई इंग्रजीत बोलल्या असत्या, तर मी दहा वेळा विचारलं असतं, म्हणजे काय, म्हणजे काय. पण मराठीत बोलल्या. तेवढाच. रोजचा शब्द. मीठ तेवढंच घाल, दूध तेवढंच उरलंय. त्यात काय विचारायचं असतं!

“म्हंजे वाडत आलाय,” हे म्हणाले.

“हो काका. वाढत आलाय. जुनी जखम वाढत नाही. म्हणून आता सुई घालून बघावंच लागेल.”

हे त्या पेटीकडे बघत होते. दिव्यावर त्यांची कॉलर आणि कॉलरीत तो दाणा.

“तवा कुणी बघितला असता तर?”

डॉक्टरीणबाईंनी हातातली पट्टी टेबलावर ठेवली. खोटं बोलायला त्यांना येत नसावं. “त्या वेळी तेवढा भाग काढून टाकता आला असता, असं वाटतं. पण चिठ्ठीवर...”

“नॉर्मल,” हे म्हणाले. पण कुस्ती मारल्यासारखं नाही. मग हसल्यासारखं करून म्हणाले, “आन् सगळ्या गल्लीनं बघितला की वो डॉक्टर. डोळ्याला लावून बघितला. सूर्य दिसला आमास्नी. डाग न्हाई कुणाला दिसला.”

मी तिथेच तोंडात पदर कोंबला.

सुई घातली. जे निघायचं होतं ते निघालं. गाठ फुप्फुसात होती, लिव्हरमध्येही उतरली होती. ती काही सुईने खवळली नव्हती, हे आता मला कळतं. पण तेव्हा हौसाक्का म्हणाल्याच, सुई लावायला नको होती. मी त्यांच्याशी भांडले. कुणाशी तरी भांडायचंच होतं. औषधं झाली, सलाईनी झाल्या. ह्यांचे केस गेले, मग अंग गेलं. खांद्यांची हाडं फोटोत दिसायची तशी आता फोटो न काढताच दिसायला लागली.

आणि त्याच थंडीत पुन्हा सूर्यग्रहण आलं.

सकाळची वेळ होती. हे म्हणाले, मला बाहेर बसव. अंगणात खुर्ची टाकली, घोंगडं दिलं. गल्लीतल्या पोरांकडे आता शाळेने दिलेले पुठ्ठ्याचे चष्मे होते. ह्यांनी तसा एक लावून सूर्य बघितला आणि परत दिला.

“माजा तुकडा आण.”

आणला. डॉक्टरीणबाईंनी तो परत दिला होता. हे तो डोळ्यापुढे धरून किती तरी वेळ बघत राहिले. उजेड हळूहळू मंद झाला. चिमण्या गप्प झाल्या. मी त्यांच्या पायाशी बसले होते. इतके दिवस जे गिळून ठेवलं होतं, ते तेव्हा माझ्या तोंडून बाहेर पडलं.

“मला शब्द कळला न्हाई वो. उगंच मटण आणलं, उगंच गावभर सांगितलं. तुमास्नी आशेला लावलं.”

त्यांनी तुकडा खाली केला, पण बोलण्याएवढा दम त्यांना मिळेना. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. “दे दान, सुटे गिराण!” ग्रहण सुटता सुटता दान मागायला माणूस येतो, तसा तो आला होता. म्हातारा, अंगात फाटकी बंडी, थंडीने काकडलेला. मी सुपातून जोंधळे आणायला उठले, तर ह्यांनी माझा पदर धरला.

“जोंधळे दे. आन् माजा सदरा पण दे. नवा.”

“त्यो न्हाई द्यायचा,” मी म्हटलं. “चार दिस तर घातलाय तुमी.”

ते माझ्याकडे बघून हसले. पूर्वी चिडवताना हसायचे ना, अगदी तसे. सगळं आजारपण बाजूला सरून माझा जुना नवरा क्षणभर समोर आला.

“चार दिस घातला न्हवं? कॉलर ताठ करून गावातनं फिरलो, पोटभर जेवलो. तुज्या एका शब्दावर.” दम घेतला आणि म्हणाले, “तेवढंच, शालन.”

मी घरात गेले. ट्रंकेतून सदरा काढला, नाकाशी धरला, आणि बाहेर येऊन त्या माणसाच्या हातात दिला. त्याने तिथेच बंडीवर चढवला. ग्रहण सुटलं होतं, ऊन पुन्हा कडक व्हायला लागलं होतं. तो आशीर्वाद देत निघाला. हे खुर्चीत मान टेकून डोळे मिटून पडले होते, आणि हा पांढरा सदरा घालून आमच्या गल्लीतून पाठमोरा चालला होता. मला माहीत होतं की तो कुणी परका आहे. तरी तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी राहिले. बाकी सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता. कॉलर तेवढी ताठ होती.